नुएर समाज, इव्हान्स-प्रिचर्ड आणि दक्षिण सुदानचे युद्ध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानववंशशास्त्र शिकणारे विद्यार्थी, शांतिसेनेच्या बातम्या वाचणारे वाचक आणि स्पर्धा परीक्षेला हा विषय घेतलेले उमेदवार पुन्हा पुन्हा जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. नुएर म्हणजे कोण? ते राहतात कुठे?

दक्षिण सुदानात पांढरी नाईल, सोबात आणि बहर अल-गझल या नद्यांच्या काठी सपाट, दलदलीचा मुलूख आहे. तिथला हा गुरे पाळणारा समाज. काही नुएर सीमेपलीकडे इथियोपियाच्या गांबेला भागातही राहतात. देशात संख्येने सर्वांत मोठा समाज डिंका, त्याखालोखाल नुएर. दोघांच्या भाषा जवळच्या, गुरांवरचा जीव सारखाच, आणि दोघे शेजारी. नुएर स्वतःला 'नाथ' म्हणतात, म्हणजे 'माणसे'. (आपल्या नाथसंप्रदायाशी याचा काही संबंध नाही. हा प्रश्न खरोखर आलेला आहे.)

त्यांचे वर्ष पाण्याने ठरते. साधारण मे ते ऑक्टोबर सगळा मुलूख पाण्याखाली जातो, तेव्हा वस्ती उंचवट्यावरच्या गावांत असते आणि भोवती ज्वारी-मका पिकतो. पाणी ओसरले की गुरे घेऊन माणसे नदीकाठच्या तळांवर उतरतात. रात्री गुरांभोवती वाळलेल्या शेणाची धुनी पेटती ठेवायची, डास दूर राहावेत म्हणून, आणि तीच राख अंगाला फासायची. पावसाळ्यात गावे एकमेकांपासून तुटलेली, उन्हाळ्यात सगळे एकाच पाणवठ्यावर. भांडणे आणि सोयरिकी दोन्ही याच उन्हाळी तळांवर जुळतात.

2. त्यांना 'आदिवासी' म्हणायचे, 'टोळी' म्हणायचे की 'जमात'?

'जमात' बरे. 'आदिवासी' या शब्दाला आपल्याकडे अनुसूचित जमाती, वनहक्क, बहुसंख्याकांच्या कडेला पडलेला समाज असे सगळे अर्थ चिकटलेले आहेत. दक्षिण सुदानात नुएर कडेला नाहीत. तिथल्या सत्तेच्या राजकारणातला तो एक मुख्य पक्ष आहे. 'टोळी' म्हटले की मराठी कानाला दरोडेखोर आठवतात आणि बातमीचा निवाडा मथळ्यातच होऊन जातो.

अभ्यासात मात्र 'जमात' या शब्दाला नेमका अर्थ आहे, आणि पुढची बरीच उत्तरे त्यावर उभी आहेत. ज्या सर्वांत मोठ्या गटाच्या आत खुनाचा वाद गुरे देऊन मिटवता येतो आणि तसा तो मिटवलाच पाहिजे असे लोक मानतात, तो गट म्हणजे जमात. या अर्थाने 'नुएर' ही एक जमात नव्हे. लोऊ, जिकानी, बुल, लेक, डोक, गावार, न्युओंग अशा कितीतरी जमाती मिळून नुएर होतात.

3. इव्हान्स-प्रिचर्ड कोण? त्यांनी तिथे किती दिवस काम केले?

ई. ई. इव्हान्स-प्रिचर्ड (1902–1973) हे ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ. आधी त्यांनी झांदे समाजावर काम केले. नुएरांमध्ये ते 1930, 1931, 1935 आणि 1936 मध्ये गेले. या चारही फेऱ्यांचे दिवस जोडले तर जेमतेम एक वर्ष भरते. त्यातून 1940 साली 'द नुएर' आले, पुढे नातेसंबंधांवर आणि धर्मावर आणखी दोन ग्रंथ आले.

सुरुवातीला लोक त्यांना दाद देत नव्हते. नाव विचारले तर 'नाव कशाला हवे?', कूळ विचारले तर 'ते कळून तू काय करणार?' अशी टोलवाटोलवी चाले. ती त्यांनी ग्रंथात संवादासारखी छापली आहे आणि नुएरांना माहिती विचारणाऱ्याला कसला आजार जडतो, यावर शब्दश्लेषही केला आहे. लोक असे का वागत होते, याचे उत्तर प्रश्न 9 मध्ये आहे. ते वाचले की विनोद जरा कडवट लागतो.

4. राजा नाही, पोलीस नाही, तुरुंग नाही. मग भांडणे आटोक्यात कशी राहत?

भावकीच्या जोरावर. एका पूर्वजाच्या दोन मुलांच्या दोन शाखा, त्यांच्या पुन्हा उपशाखा, अशी ही रचना आहे. दोन उपशाखा भांडल्या तर भांडण त्या दोघींपुरते राहते. त्यांपैकी एकीचे वैर लांबच्या शाखेशी लागले, की कालपर्यंत भांडणाऱ्या दोघी एक होतात. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. 'वयं पंचाधिकं शतम्', आपसात आपण पाच आणि ते शंभर, पण तिसरा आला की एकशे पाच, हे धर्मराजाचे गणित आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. फरक एवढाच की तिथे तो उपदेश होता, इथे रोजचा व्यवहार आहे.

लोऊ जमातीचे उदाहरण घ्या. तिचे पहिले दोन भाग गुन आणि मोर. गुनचे पुन्हा दोन: रुमजोक आणि गातबाल. रुमजोक आणि गातबाल यांच्यात जुंपली तर मोर त्यात पडत नाहीत. पण मोरांनी रुमजोकांपैकी कोणाला मारले, तर गातबाल आपले भांडण गुंडाळून रुमजोकांच्या बाजूला उभे राहतात. आणि जिकानींशी वैर उद्भवले तर सगळे लोऊ एक.

यातून तोल राहतो, कारण प्रत्येक भांडणाला साधारण आपल्याएवढाच प्रतिस्पर्धी मिळतो. पण नुसता तोल पुरत नाही. खरा लगाम बारीक नियमांत होता. एकाच गावचे लोक काठ्यांनीच लढत, भाला काढत नसत, कारण भाल्याने माणूस मरतो आणि मग गावच फुटते. दोन गावांत भांडण असेल तर भाले निघत. नुएरांच्या आपसातल्या लढाईत बायका-मुलांना हात लावायचा नाही, घरे आणि गोठे जाळायचे नाहीत, असा दंडक होता.

5. परीक्षेत या रचनेची आकृती काढायला सांगतात. कुठे चुकते?

आधी वर एक चौकोन काढा: जमात. खाली दोन: क आणि ख. ख च्या खाली दोन: ख1 आणि ख2. ख2 च्या खाली आणखी दोन: प आणि फ. मग तीन वाक्ये लिहा. प आणि फ भांडले तर तिसरे कोणी येत नाही. प आणि ख1 भांडले तर फ हा प च्या बाजूने येतो. प आणि क भांडले तर ख1 सुद्धा प कडे येतो. एवढ्याने आकृती पूर्ण होते, बाण काढायची गरज नाही.

गुण जातात ते दुसऱ्याच ठिकाणी. जमातीचे भाग हे मुलखाचे भाग असतात आणि कुळाच्या शाखा रक्ताच्या असतात. उमेदवार दोन्ही एकच धरतात. प्रत्यक्षात एखाद्या भागाला ज्या कुळाचे नाव असते, त्या कुळाची माणसे तिथे बहुधा अल्पसंख्य असतात. त्या मूळ मानकऱ्यांना 'दिएल' म्हणतात, बाहेरून आलेल्या नुएरांना 'रुल', आणि डिंका वंशाच्यांना 'जांग'. दत्तक घेणे, मुलीच्या बाजूने नाते लावणे, वंशावळीत एखादा पूर्वज घुसवणे, अशा वाटांनी हे सगळे एका भावकीत बसवले जाते. ही शिवण दाखवली नाही तर आकृती बरोबर येते आणि उत्तर चुकते.

6. खून झाला तर नेमके काय काय होत असे?

खुनी तडक 'कुआर मुओन'कडे पळतो. शब्दशः 'मातीचा प्रमुख'. खांद्यावर बिबट्याचे कातडे घेतो म्हणून इंग्रजी पुस्तकांत त्याला त्या कातड्याचा प्रमुख म्हणतात. तोवर खुन्याने अन्नपाणी घ्यायचे नाही, कारण मेलेल्याचे रक्त त्याच्या अंगात शिरले आहे असे मानतात. प्रमुख त्याच्या दंडावर वरून खाली चीर देऊन रक्त वाहू देतो. या खुणेला 'बीर' म्हणतात. मग खुन्याने आणलेला बैल किंवा बोकड बळी दिला जातो. प्रमुखाच्या घरी असेपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही, पण मेलेल्याचे भाऊबंद बाहेर भाले घेऊन टपलेले असू शकतात.

काही आठवड्यांनी, क्रियाकर्म उरकल्यावर, प्रमुख बोलणी सुरू करतो. आधी खुन्याच्या भावकीत किती गुरे आहेत याचा अंदाज घ्यायचा, मग मेलेल्याच्या घरी जायचे. तिथे पहिल्यांदा नकारच मिळतो आणि तो मिळायलाच हवा; लगेच हो म्हटले तर मेलेल्याची अब्रू जाते. प्रमुख आर्जव करतो, फारच अडले तर शाप देण्याची भाषा करतो. मग 'तुमच्या शब्दाखातर' म्हणून होकार येतो. ठरीव आकडा 40 ते 50 गुरांचा. ती सगळी एकदम कोणी देत नाही; निम्म्याच्या आसपास गेली की शुद्धीचे विधी होतात, बाकीची वर्षानुवर्षे रेंगाळतात. आपल्या जुन्या कागदपत्रांत मुंडकटाई म्हणून जमीन दिलेली दिसते, तसाच हा प्रकार आहे, फक्त इथे जमिनीच्या जागी गुरे आहेत.

त्या गुरांतून मेलेल्याच्या नावाने लग्न लावले जाते. बायको येते, तिला जवळच्या नातलगापासून मुले होतात, आणि ती मुले मेलेल्याची म्हणून वाढतात. म्हणजे भरपाईचा मूळ हिशेब पैशाचा नसून वंशाचा आहे. गेलेल्या माणसाच्या जागी माणूस उभा करायचा.

भरपाई पुरी होईपर्यंत, आणि मनाने त्यानंतरही, दोन्ही घरांत रोटीव्यवहार बंद. एकाच भांड्यातून दोघे जेवले तर 'नुएर' नावाचा जीवघेणा विटाळ होतो असे मानतात. (समाजाचे नाव आणि हा शब्द मराठीत सारखे दिसतात, ते वेगळे आहेत.) एका उन्हाळी तळावर राहायचे, एकाच पाणवठ्यावर गुरे पाजायची आणि एकत्र जेवायचे नाही, हे फार दिवस निभत नाही. म्हणून शेजाऱ्यांचे खून लवकर मिटत आणि लांबच्यांचे कुजत पडत.

7. हा प्रमुख म्हणजे सरपंच किंवा न्यायाधीश झाला ना?

नाही. त्याच्या हाती ना शिपाई, ना दंड, ना निकाल. तो बहुधा तिथल्या मुख्य कुळाबाहेरचा असतो, त्यामुळे कोणत्याच बाजूचा धरला जात नाही. दोन्ही बाजूंना मिटवायचे असेल तेव्हाच त्याचा उपयोग. नको असेल तर तो काही करू शकत नाही. तेव्हा सुदानवर राज्य करणाऱ्या ब्रिटिशांना नेमके हेच कळेना. त्यांना हुकूम बजावायला एक माणूस हवा होता, तो सापडेना, म्हणून त्यांनी नवे प्रमुख नेमले आणि त्यांची कोर्टे बसवली.

8. मारलेला माणूस डिंका असेल तर? हे नियम लागू होत का?

भरपाईचे नाहीत. जमातीबाहेर ती रीतच नव्हती (प्रश्न 2 मधली व्याख्या पाहा). डिंकांवर धाड घालून गुरे आणणे हे नुएर तरुणाला भूषण वाटे, आणि त्या धाडींत बायका-मुले पकडली जात, मारलीही जात. हे झाकण्यात अर्थ नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही. पकडून आणलेली मुले नुएर घरांत वाढली, त्यांना दत्तक विधीने कुळात घेतले गेले, मुलींची लग्ने देज घेऊन लागली. इव्हान्स-प्रिचर्ड यांच्या अंदाजाने बहुतेक जमातींत निम्मे तरी लोक डिंका वंशाचे होते. दुष्काळात आणि पुरात दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांकडे आसऱ्याला जात. म्हणून 'हे हजारो वर्षांचे हाडवैर' हे वाक्य बातमीत दिसले की जरा थांबावे. वैर होते, आणि त्याच वेळी अर्धी भावकी तिकडचीच होती.

9. इव्हान्स-प्रिचर्ड इंग्रज सरकारचे हेर होते का?

हेर नव्हते. पण सरकारच्या विनंतीवरून आणि मदतीने गेले होते, हे खरे. डिसेंबर 1927 मध्ये न्युओंग नुएरांनी कॅप्टन फर्ग्युसन या जिल्हाधिकाऱ्याला ठार केले. त्यानंतर सरकारने मोहिमा काढल्या, विमानांतून बॉम्ब टाकले, गुरे जप्त केली. न्गुन्देंग या प्रेषिताने उभारलेल्या मातीच्या स्तूपावरही बॉम्ब पडले आणि त्याचा मुलगा गुएक 1929 मध्ये मारला गेला. 1930 मध्ये इव्हान्स-प्रिचर्ड पोचले ते या धुराळ्यात. ते ज्या तळावर राहत होते, त्याला एका पहाटे सरकारी फौजेने वेढा घातला, दोन प्रेषितांचा शोध घेतला आणि ओलीस धरून नेले. हे त्यांनी स्वतः प्रस्तावनेत लिहिले आहे. अशा वेळी गोरा माणूस कूळ विचारायला आला तर कोण सांगेल?

टीका होते ती अशी की प्रस्तावनेत आलेली फौज पुढच्या प्रकरणांत दिसेनाशी होते. तिथे नुएर जणू सरकार नसलेल्या जगात राहतात, आणि रचना इतकी नितळ दिसते की काळ थांबल्यासारखा वाटतो. ही टीका रास्त आहे. पुढे डग्लस जॉन्सन या इतिहासकाराने प्रेषितांचा इतिहास लिहून ती उणीव बरीच भरून काढली.

10. त्यानंतर नुएरांवर महत्त्वाचे काम कोणाचे?

शेरन हचिन्सन यांचे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्या तिथे राहिल्या, सुदान सरकारविरुद्ध दक्षिणेचे युद्ध पेटल्यावर 1990 नंतर पुन्हा गेल्या, आणि 1996 साली त्यांचा 'नुएर डायलेमाज' हा ग्रंथ आला. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा आहे: ज्या समाजात माणसामाणसांतले नाते रक्त, गाय आणि अन्न यांनी बांधलेले होते, तिथे पैसा, बंदूक आणि सरकारी कागद आल्यावर काय झाले?

पैशाचे उदाहरण बघण्यासारखे आहे. 'पैशाला रक्त नसते' असे नुएर म्हणत. गाईला असते, म्हणून ती माणसाच्या बदल्यात चालते. मग बाजार आला आणि गाई पैशाने विकत मिळू लागल्या. लोकांनी दोन खाती पाडली. मुलीच्या लग्नात देज म्हणून आलेली ती 'मुलींची गुरे', त्यांवर काका-मामा-भाऊ सगळ्यांचा हक्क. मजुरीच्या पैशाने घेतलेली ती 'पैशाची गुरे', त्यांवर कमावणाऱ्याचा हात वरचा. पैशांतही भेद होता. शहरात संडास उपसून मिळालेल्या पैशाला 'गूचा पैसा' म्हणत आणि त्याने गाय घेतली तर ती जगत नाही असे मानत. तेव्हा 'आदिम समाज पैशापुढे कोसळतो' हे वर्णन इथे लागू पडत नाही. त्यांनी पैशाला आपल्या चौकटीत बसवले, तेही चांगल्या हिशेबाने.

11. बंदुकीने नेमके काय बिघडले? भाल्यानेही माणूस मरतोच.

भाला कोणाचा ते कळते. मारणारा समोर असतो, त्याच्या दंडावर चीर देता येते, त्याच्या भावकीकडे गुरे मागता येतात. लढाईत सुटलेली गोळी कोणाची, ते झाडणाऱ्यालाही कळत नाही. मग विटाळ कोणाला लागला? भरपाई कोणी द्यायची? प्रश्न 6 मधली सगळी साखळी पहिल्याच कडीला तुटते. काहींनी गोळीने मेलेल्याची तुलना वीज पडून मेलेल्याशी करून तोड काढायचा प्रयत्न केला.

दुसरा घाव शब्दाने झाला. 1980 च्या दशकात दक्षिणेच्या बंडखोर सैन्यातल्या रिएक माचार आणि इतर सेनानींनी लोकांना सांगितले की लढाया दोन प्रकारच्या: 'घरची लढाई' आणि 'सरकारची लढाई'. सरकारी लढाईत मारले तर विटाळ नाही, शुद्धी नको, भरपाई नको, जबाबदारी सरकारची. सैन्य चालवायचे तर असे काहीतरी सांगावेच लागते, नाहीतर प्रत्येक शिपाई दंडावर चीर घ्यायला घरी पळेल. पण ही सूट एकदा मिळाली आणि पुढे नुएरच नुएरांशी बंदुका घेऊन लढू लागले, तेव्हा ती कोणती लढाई समजायची, हे सांगणारा कोणी उरला नाही.

12. 1991 साल इतके महत्त्वाचे का?

28 ऑगस्ट 1991 रोजी नासिर इथून रिएक माचार, लाम अकोल आणि गॉर्डन कोंग यांनी त्याच बंडखोर सैन्याचे प्रमुख जॉन गरांग यांच्या नेतृत्वाविरुद्ध बंड पुकारले. गरांग डिंका, माचार नुएर. (लाम अकोल शिलुक या तिसऱ्याच समाजाचे, म्हणजे सुरुवातीला प्रश्न निव्वळ जातीचा नव्हता.) नोव्हेंबरात माचार यांच्या बाजूच्या फौजा आणि सशस्त्र नुएर तरुण गरांग यांच्या बोर भागात घुसले. किमान 2000 माणसे मारली गेल्याचा आकडा सर्वसाधारणपणे दिला जातो. गुरे गेली, लाखभर लोक पळाले.

त्यानंतरचा काळ हचिन्सन यांनी जोक मादुत जोक या डिंका अभ्यासकाबरोबर मांडला आहे. दोघांनी सांगितलेला बदल असा: पूर्वी बायका-मुलांना मारणे लाजिरवाणे समजले जाई, विशेषतः आपसात. 1991 नंतर ती मुद्दाम लक्ष्य होऊ लागली. नुएरपण किंवा डिंकापण पूर्वी मिळवता येई, दत्तकाने, लग्नाने, राहण्याने. आता ते जन्माने शिक्का मारल्यासारखे झाले.

13. 'व्हाइट आर्मी' हे माचार यांचे सैन्य का?

नाही. बातम्यांत सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट हीच. लोऊ, जिकानी आणि गावार तरुणांचे गुरेराखणीचे गट 1990 च्या दशकात बंदुका मिळाल्यावर मोठे झाले. नावाचा उगम बहुतेक जण अंगाला फासलेल्या राखेत सांगतात. गणवेश नाही, पगार नाही, छावणी नाही. गावाच्या आणि भागाच्या हिशेबाने माणसे जमतात, काम झाले की घरी जातात. 2011 च्या शेवटी हजारो लोऊ तरुण मुर्ले समाजावर चालून पिबोरपर्यंत गेले, तेव्हा थांबा सांगायला गेलेल्या माचार यांचे त्यांनी ऐकले नाही. डिसेंबर 2013 नंतर ते माचार यांच्या बाजूने लढले, कारण राजधानी जुबात या तरुणांचे नातलग मारले गेले होते (प्रश्न 15). प्रश्न 4 मधली रचना इथे उघड दिसते: धोका जेवढा मोठा, तेवढे जास्त भाग एक होतात, आणि धोका टळला की पुन्हा सुटे.

14. प्रेषितांचे काय? आजच्या राजकारणात त्यांना कोण विचारते?

खूपजण. न्गुन्देंग 1906 मध्ये वारला, पण त्याची भाकिते गाण्यांतून चालू आहेत. इंग्रजांनी नेलेली त्याची काठी डग्लस जॉन्सन यांच्या हाती आली आणि 2009 मध्ये त्यांनी ती परत केली. जुबात ती माचार यांनी स्वीकारली. डावखुरा, कपाळावर खुणा नसलेला नेता येईल, असे एक भाकीत सांगतात. माचार डावखुरे आहेत आणि त्यांच्या कपाळावर खुणा नाहीत. बाकीचे लोकांनी जोडून घेतले.

15. 2013 चे युद्ध नुएर विरुद्ध डिंका होते, असे म्हणणे बरोबर की चूक?

सुरुवातीचे दिवस पाहिले तर बरोबर, पुढचे पाहिले तर अपुरे.

9 जुलै 2011 रोजी देश सुदानपासून स्वतंत्र झाला. राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर डिंका, उपराष्ट्राध्यक्ष माचार. जुलै 2013 मध्ये कीर यांनी माचार यांना काढले. भांडण सत्ताधारी पक्षातल्या सत्तेचे होते आणि माचार यांच्या बाजूला डिंका नेतेही होते. 15 डिसेंबरच्या रात्री जुबात अध्यक्षांच्या रक्षक दलात गोळीबार झाला आणि दुसऱ्या दिवसापासून नुएर पुरुषांना घराघरांतून ओढून मारले गेले. गुदेले भागातल्या एका इमारतीत शेकडो जणांना कोंडून गोळ्या घातल्या. ओळख पटवायला भाषा होती आणि कपाळ होते: नुएर मुलगा वयात येताना त्याच्या कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत सहा रेघा कोरतात, त्याला 'गार' म्हणतात. ज्या खुणेने माणूस पुरुष ठरायचा, तिनेच तो रस्त्यात वेगळा काढला गेला. पुढे एप्रिल 2014 मध्ये बेंटिउ शहर माचार यांच्या बाजूने घेतले तेव्हा तिथे मशिदीत आणि दवाखान्यात आसरा घेतलेल्यांची कत्तल झाली.

आता अपवाद. 2015 मध्ये युनिटी राज्यात माचार यांच्या जन्मभागावर, लेरवर, सरकारी फौजेबरोबर चालून गेले ते बुल नुएर तरुण. त्यांचा मोबदला म्हणजे लुटलेली गुरे. मधल्या तहानंतर माचार पुन्हा उपराष्ट्राध्यक्ष झाले होते; जुलै 2016 मध्ये त्यांना दूर सारून त्यांच्या जागी आले ते तबान देंग गाय, तेही नुएर. त्याआधी 1993 मध्ये लोऊ आणि जिकानी आपसात लढलेच होते आणि 1994 ची अकोबोची परिषद त्यासाठीच भरली होती. म्हणून बातमीत 'नुएर' एवढे वाचून थांबू नये. कोणते नुएर, हे विचारावे.

2018 च्या एका सांख्यिकी अभ्यासाने डिसेंबर 2013 पासूनचे जादा मृत्यू 4 लाखांच्या जवळ धरले, त्यांतले निम्म्याच्या आसपास प्रत्यक्ष हिंसेचे.

16. यात तेल कुठे येते? आणि भारत?

पश्चिम नुएरांच्या बेंटिउ परिसरात 1970 च्या दशकाच्या अखेरीस तेल सापडले. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात विहिरींभोवतीचा मुलूख मोकळा करण्यासाठी खार्टूममधल्या सुदान सरकारने नुएर सेनानींनाच एकमेकांविरुद्ध शस्त्रे दिली. हजारो घरे उठली. 2003 मध्ये ओएनजीसी विदेश या आपल्या सरकारी कंपनीने तिथल्या प्रकल्पातला 25 टक्के वाटा एका कॅनेडियन कंपनीकडून घेतला.

दुसरा धागा शांतिसेनेचा. एप्रिल 2013 मध्ये जोंगलेई राज्यात दबा धरून केलेल्या हल्ल्यात 5 भारतीय जवान मारले गेले. 19 डिसेंबर 2013 रोजी अकोबोच्या शांतिसेनेच्या तळावर आसऱ्याला आलेल्या डिंका नागरिकांवर सशस्त्र नुएर जमाव चालून आला, तेव्हा आणखी दोघे.

17. जुन्या रीतीने तह होऊ शकतो का? कधी झाला आहे का?

वुनलिटला झाला. 27 फेब्रुवारी ते 8 मार्च 1999 या काळात नाईलच्या पश्चिम काठच्या डिंका आणि नुएर प्रमुखांची परिषद चर्चच्या पुढाकाराने भरली. त्याआधी प्रमुख एकमेकांच्या मुलखात जाऊन आले होते. हा भाग लोक विसरतात, पण त्याशिवाय बाकीचे झाले नसते. परिषदेसाठी खास वस्ती बांधली, पांढरा बैल बळी दिला, मग दोन्ही बाजूंनी आपापली गाऱ्हाणी उघड मांडली. ठरले ते असे: पळवलेल्या बायका-मुलांना परत करायचे, कुरणे आणि मासेमारीच्या जागा सगळ्यांना खुल्या, मागचे माफ.

पश्चिम काठावर काही वर्षे याचा उपयोग झाला. अडले दोन ठिकाणी. सीमेवर पोलीस आणि कोर्टे ठेवायची ठरले, त्याला साधने मिळाली नाहीत. आणि बंदुका ज्यांच्या हाती, ते सेनानी प्रमुखांच्या शब्दाला बांधलेले नव्हते. प्रश्न 7 मधली मर्यादा इथेही तीच.

18. गडचिरोलीच्या माडिया समाजाला हीच चौकट लावता येईल का?

जशीच्या तशी नाही. माडियांतही कुळे गटांत विभागलेली आहेत: चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. पण ती विभागणी मुख्यतः लग्न कोणाशी जुळते आणि कोणाशी नाही हे ठरवते. लढाईत कोणी कोणामागे उभे राहायचे, याचा ती नकाशा नव्हे. गावात गायता आणि पाटील आहेत, माथ्यावर वनखाते, पोलीस, 1996 चा पेसा कायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा आहे. नक्षली संघर्षही दोन भावक्यांतला नाही. हचिन्सन यांचा प्रश्न मात्र इथेही विचारता येतो: बाहेरची बंदूक गावात आली, तेव्हा कोणत्या मृत्यूचा विधी गावाला करता आला आणि कोणत्याचा नाही?

19. आजची स्थिती काय?

सप्टेंबर 2018 मध्ये तह झाला, फेब्रुवारी 2020 मध्ये माचार पुन्हा पहिले उपराष्ट्राध्यक्ष झाले. मार्च 2025 मध्ये व्हाइट आर्मीने नासिरची लष्करी छावणी घेतली. त्याच महिन्यात माचार यांना जुबात नजरकैदेत टाकले आणि सप्टेंबरात त्यांच्यावर खून, देशद्रोह आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचे आरोप ठेवले. हल्ल्याचा हुकूम त्यांनी दिला, असा सरकारचा दावा. त्यांच्या पक्षाला तो मान्य नाही. व्हाइट आर्मी हुकमावर किती चालते, ते प्रश्न 13 मध्ये आले आहे.